हजार पत्रिकांचा फोल्डर

विलास गेल्याची बातमी मला कोणी कळवली नाही. ती मीच फोन करून मिळवली, आणि तोही भांडायला केलेला फोन होता. सकाळचे दहा वाजले होते. आणे गावचा रामदास धाकट्या भावाची लग्नपत्रिका करायला दुकानात येऊन बसला होता आणि नमुना म्हणून त्याला त्याच्या थोरल्या बहिणीची जुनी पत्रिका हवी होती. "तशीच काढा शेठ, फकस्त नावं बदला," असं म्हणून तो निवांत चहा पीत होता, आणि मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर फायलींची रांग वरून खाली, खालून वर सरकवत होतो. अर्धा तास गेला. शेवटी पेठ गावी विलासच्या घरी फोन लावला. आजारपणामुळे चार महिने तो घरीच होता. पलीकडे फोन उचलल्याबरोबर मी ओरडलो, "अरे, आण्याची पत्रिका कुठं कोंबून ठेवलीस? माणूस खोळंबलाय इथं!"  पलीकडून त्याची मुलगी सुनीता म्हणाली, "काका... दादा गेले. सकाळीच, आठ वाजता."

मी फोन ठेवला. रामदासने विचारलं, "घावली का?" मी नाही म्हणालो. त्याला मागाहून बोलावतो असं सांगितलं आणि शटर ओढून पेठच्या वाटेला लागलो. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. बावीस वर्षं ज्या माणसाबरोबर एका खोलीत काढली, त्याला उद्देशून माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य एका फायलीबद्दल होतं, आणि तेही त्याला ऐकू गेलं नाही. लोक म्हणतात, दुःख होतं. मला दुःखापेक्षा चीड जास्त येते. कधी त्या यंत्राची, कधी विलासची, आणि बहुतेक वेळा माझीच.

आमचं घराणं मूळ राजस्थानातलं. आजोबा नारायणगावात आले ते इथलेच झाले, आणि वडिलांनी बाजारपेठेत छापखाना टाकला. लग्नपत्रिका हे आमचं मुख्य काम. विलास आमच्याकडे आला तो तयार कंपोझिटर म्हणून, मंचरच्या एका छापखान्यात हात बसवून. पेठच्या शेतकरी घरातला. घरी भावांनी शेती बघायची आणि याने रोज एस.टी.ने नारायणगाव गाठायचं, असं ठरलेलं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवताना तो खाली बघत नसे. टाइपाच्या पेटीत लहानमोठे खण असतात. जी अक्षरं वारंवार लागतात त्यांचे खण मोठे आणि हाताजवळ, क्वचित लागणाऱ्यांचे लहान आणि लांब. विलास समोरच्या कागदावर नजर ठेवून बोलत राहायचा, मधूनच माझी टर उडवायचा, आणि त्याचा हात आपोआप योग्य खणात जायचा. एकदा मी सफाई करताना दोन खणांची अदलाबदल केली. त्याने आधी दोन्ही खण जागच्या जागी लावले. मग म्हणाला, "शेठ, तुमी माझा हात मोडला आसता तरी चाललं आसतं."

आमच्याकडची पत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिच्यातलं काम कळायचं नाही. नवरा-नवरीची नावं दोन ओळींत संपतात. बाकी कागद भावकीचा. आजोबा, चुलते, मामा, गावचे मानकरी, मंडळाची पोरं, चिमुकल्यांच्या नावाने केलेला आग्रह. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाला मोठा टाइप, यावरून घरं फुटायची बाकी राहतात. म्हणून लोकांनी एक शहाणपणाची रीत पाडलेली आहे: थोरल्या लेकराची पत्रिका एकदा भांडून ठरवायची, आणि पुढच्या सगळ्यांना तीच वापरायची. गेला असेल त्याला कै. लावायचं, लग्न झालं असेल तिला सौ. लावायचं. त्यामुळे आमच्या धंद्यात नवीन पत्रिका करण्यापेक्षा जुनी शोधणं महत्त्वाचं. खिळ्यांच्या काळात विलास प्रत्येक पत्रिकेची एक प्रत गावानुसार दोऱ्यात ओवून ठेवायचा. भिंतीवर लोखंडी खिळे, त्यांवर हे गड्डे. कोणी आलं की हात वर करून गड्डा काढायचा, की झालं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कॉम्प्युटर आणला. काय माझा तोरा होता! पेढे वाटले, पुण्याच्या इंजिनिअरला जेवायला घातलं, आणि भिंतीवरचे सगळे गड्डे रद्दीत दिले. विलास ते गड्डे हातगाडीवर चढताना दारात उभा राहून बघत होता. अडवलं नाही त्याने. "ह्याच्यात समदं मावतंय ना?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "अरे, अख्खा तालुका मावेल." मावलाही. पहिल्या दोन हंगामांत झालेल्या सगळ्या पत्रिका मी एकाच फोल्डरमध्ये टाकायला लावल्या, कारण दोन फोल्डर केले की माझा गोंधळ व्हायचा. फाईलला नाव द्यायचं तर इंग्रजी आठ अक्षरांत. आठ अक्षरांत गाव बसवायचं की आडनाव की नवरी? विलास गाव आणि आकडा टाकायचा. पडद्यावर मग नुसती रांग: आणे एक, आणे दोन, आणे तीन... उघडून बघितल्याशिवाय कोणत्या फायलीच्या पोटात काय आहे ते कळायचं नाही, आणि एक फाईल उघडायला त्या मशिनला तंबाखू मळून होईल एवढा वेळ लागायचा.

"शेठ, ही यादी हाय, मांडणी न्हाई," तो म्हणायचा.

मी म्हणायचो, "अक्षरवार लावलंय की यंत्राने. अजून काय पाहिजे?"

"अक्षरवार तर मतदार यादी बी आसती. त्यात आपलं नाव घावायला किती येळ लागतो?"

इंजिनिअर दुरुस्तीला आला की विलास त्याला गाठायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. फोल्डरमध्ये शंभरच्या वर फायली झाल्या की यंत्राने आपण होऊन विचारावं, गर्दी झाली, खण पाडू का? फाईल न उघडता तिच्यातली नवरा-नवरीची नावं बाहेरून दिसावीत. जी वारंवार लागते ती आपोआप हाताशी यावी. लेक माहेरचीही असते आणि सासरचीही, तर तिची पत्रिका दोन्ही गावांत दिसावी. पण प्रत एकच असावी, नाहीतर एकीत दुरुस्ती होते आणि दुसरी तशीच राहते. आणि एकसारख्या नावाच्या दोन फायली शेजारी असतील तर यंत्राने ओरडावं. इंजिनिअर हसायचा. "काका, सिस्टिम असंच असतंय." मीही हसायचो. खोटं कशाला सांगू, जरा जास्तच हसायचो. शिशाच्या खिळ्यांतून उठलेला माणूस कॉम्प्युटरला शहाणपण शिकवतोय, याची मला गंमत वाटायची.

ती गंमत आण्याने जिरवली. नऊ वर्षांपूर्वीची, रामदासच्या त्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट. तिचे वडील आधीच वारलेले, त्यामुळे निमंत्रक म्हणून चुलत्यांचं, तुकाराम तात्यांचं नाव, आणि कन्यादानही तेच करणार. घरच्यांनी जो मजकूर लिहून दिला त्यात वरच्या तीन नावांना कै. होतं, आणि लिहिणाऱ्याचा हात तसाच पुढे घसरून चौथ्या नावाला, म्हणजे जित्याजागत्या तात्यांनाही, कै. लागलं. विलासने कागदाबरहुकूम जुळवलं आणि नमुना तपासायला दिला. तात्या स्वतः दुकानात आले होते. वाचून मोठ्याने हसले. "मला आत्ताच पोचवू नका राव, पोरीचं लगीन लावून मग जातो." विलासने त्यांच्यादेखत दुरुस्ती केली आणि दुरुस्त फाईल वेगळ्या नावाने ठेवली, जुनीच्या आकड्यापुढे नुसतं एक अक्षर वाढवून. पत्रिका लोकांच्या हातात पडेपर्यंत तो जुनी फाईल कधीच पुसत नसे. खिळ्यांतली सवय.

दुसऱ्या दिवशी त्याला चुलत बहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. जाताना बजावून गेला, "शेठ, माझ्या माघारी त्या फोल्डरला हात लावू नका. परवा आलो की मी काढतो." पण रामदास दुपारीच आला, आज मिळाल्या तर बरं होईल म्हणाला, आणि मला मालकीचा झटका आला. आपलं दुकान, आपलं मशिन, आणि नोकर येईपर्यंत थांबायचं? फोल्डर उघडला. आण्याच्या दोन फायली एकाखाली एक, दिसायला जुळ्या. मी वरची उचलली. वरची आहे म्हणून... दुसरं काही कारण नाही. संध्याकाळपर्यंत पाचशे पत्रिका छापून, हळद लावून रामदासच्या हवाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या दुकानात उभे. हातात पत्रिका. या वेळी ते हसत नव्हते. एकदा झाली ती चूक, पण डोळ्यांदेखत दुरुस्त केलेलं पुन्हा तसंच छापून येतं, म्हणजे आपल्याच घरातल्या कोणाला आपण नको आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रामदास मागे मान खाली घालून उभा. तात्या म्हणाले, "पत्रिका देवापुढं ठिवली, रातीच गावात वाटली. आता मेलेला माणूस कन्यादान कसं करील? तुमीच सांगा." मग आमच्या दोघांकडे बघून त्यांनी विचारलं, "कुणाचं काम हे?"

विलास नुकताच एस.टी.तून उतरून आला होता. पिशवीसुद्धा खांद्यावरून खाली ठेवली नव्हती. मी तोंड उघडलं. वाक्य माझ्या जिभेवर होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण बाहेर पडलं ते भलतंच: "नवीन मशिन आहे तात्या, आमच्या कंपोझिटरला अजून..." आणि मी तिथेच थांबलो. विलासने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पत्रिकेकडे. मग पुढे होऊन तात्यांच्या पाया पडला. "माझ्याच हातून झालं तात्या. पोरीवर राग काढू नका. आज सांजच्याला नव्या पत्रिका घिऊन मी सोता आण्यात येतो."

तो गेला. आळेफाट्याला गाडी बदलून, घाट चढून पठारावर. घरोघर फिरून चुकीच्या पत्रिका परत घेतल्या, नव्या दिल्या, ज्याच्या त्याच्या दारात चूक आपली म्हणून सांगितली. तात्यांनी कन्यादान केलं. विलासला आग्रहाने पंगतीला बसवलं. मी मात्र गल्ल्यावर बसून राहिलो. परत आल्यावर तो मला काही बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर माझी सुटका झाली असती. तो म्हणाला एवढंच: "ह्या यंत्राला फाईल पुसताना इचारता येतं, खात्री हाय का म्हणून. चुकीची उचलताना का इचारत न्हाई?" मी म्हणालो, "हो ना." हो ना! एवढंच माझं प्रायश्चित्त.

त्यानंतर त्याने अख्खा फोल्डर मोडून नव्याने लावायला घेतला. जेवणाच्या सुट्टीत, गिऱ्हाईक नसताना, एकेक फाईल उघडून. गावाचा फोल्डर, त्यात घराचा, घरात तीन खण: दाखवलेली, पास झालेली, छापलेली. मला वैताग यायचा. मला एका ठिकाणी सगळं दिसायला हवं असायचं आणि त्याने आत, आत, आणखी आत नेऊन ठेवलेलं. आमची त्यावरून रोज वादावादी. खरं सांगायचं तर त्याचाही जीव त्या मांडणीत कधी रमला नाही. यंत्राचं काम आपण हाताने करतोय, हे त्याला सलायचं. आळे गावच्या लेकीची पत्रिका वारूळवाडीच्या सासरच्या फोल्डरमध्येही दिसावी म्हणून त्याने मूळ फायलीकडे नेणाऱ्या नुसत्या वाटा करून ठेवल्या, पण ती फाईल हलवली की त्या वाटा कुठेच जात नसत. चिडून तो कॉम्प्युटरचा उंदीर, म्हणजे माउस, टेबलावर आपटायचा. दोन उंदीर त्याने मोडले, आणि मी दोन्ही वेळा बोललो.

मग त्याने एका फुलस्केप कागदावर फोल्डर कसा दिसावा याचं चित्र काढलं. हुबेहूब टाइपाची पेटी. मधे मोठे खण, कडेला लहान, प्रत्येक खणावर गावाचं नाव आणि आत किती पत्रिका तो आकडा. जो खण भरत येईल त्याची रेघ जाड होत जाणार. सोबत चार पानी पत्र, सॉफ्टवेअरच्या कंपनीला पाठवायचं. इंग्रजी मी केलं. दोन गावांत एक पत्रिका हा भाग मी गाळला, कारण माहेर-सासर साहेबाला काय समजावणार? जुळ्या फायलींच्या भागाशी आलो तेव्हा माझी लेखणी अडली. तिथे त्याने आण्याचा प्रसंग लिहिला होता. "आमच्याकडून चूक झाली" असं. मी तोही गाळला. चार पानांचं एक पान झालं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: गुळगुळीत कागदावर नव्या सॉफ्टवेअरची रंगीत जाहिरात. विलासने ती उलटसुलट करून बघितली. "चित्राबद्दल काय म्हणत्यात?" मी म्हणालो, "पोचलं म्हणतात." तो खूश झाला. त्या खोटेपणाचंही मला आज काय करावं कळत नाही.

पुढे नवीन मशिन आलं. लांबलचक नावं देता येऊ लागली, शोधायची सोय आली. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "घे, आता नाव टाक की फाईल हजर." विलास म्हणाला, "नाव ठावं आसलेल्याची सोय झाली. दारात येणारा काय म्हणतो? आमच्या चुलत्याच्या पोरीची, ती गुलाबी, गणपती डाव्या अंगाला व्हता ती. टाका बरं ह्यात." मी टाकलं. यंत्राने काही सापडलं नाही असं सांगितलं. विलासने आत, आत, आणखी आत जाऊन ती गुलाबी पत्रिका काढून दाखवली. मला इतका राग आला की मी चहाला निघून गेलो.

त्याच्या दशक्रियेला पेठला गेलो होतो. विधी आटोपल्यावर सुनीता चहा घेऊन आली. मी अवघडून म्हणालो, "बाळ, त्या दिवशी मी फोनवर जे बोललो..." ती म्हणाली, "आसू द्या काका. सापडली का ती पत्रिका?" मी नकारार्थी मान हलवली. "तुम्ही नवरीच्या नावानं शोधत असाल," ती म्हणाली. "दादा म्हणायचे, पत्रिका नवरा-नवरीच्या नावानं ठिवायची न्हाई. त्यांचं लगीन एकदाच. जो दारात उभा राहून पाव्हण्यांना या म्हणतो, घर त्याच्या नावानं लावायचं. पुढच्या पत्रिकेला लोक त्याचंच नाव सांगत येत्यात." बावीस वर्षं शेजारी बसून ही गोष्ट मी त्याला एकदाही विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रामदासला बोलावून घेतलं आणि विलासच्या खुर्चीवर बसलो. आणे. त्यात तुकाराम. एका मिनिटात घर सापडलं. रामदास टेबलाच्या पलीकडून म्हणाला, "शेठ, आता तात्यांना कै. लावा बरं का. गेल्या साली गेले." मी हो म्हणालो आणि छापलेल्यांच्या खणात गेलो. तिथे एकाखाली एक दोन फायली होत्या. पहिलीच्या नावात विलासने तुकाराम, बरोबर आणि तारीख असं लिहिलेलं. दुसरी सगळ्यात खाली होती. तिला त्याने नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत: विलास चूक.

उघडली. तीच पत्रिका, पहिल्या दिवशीची. कै. तुकाराम. मशिन बदललं तेव्हाही त्याने ती पुसली नव्हती, सोबत आणली होती. शेजारच्या रकान्यात छापल्यावर फाईल साठवल्याची तारीख होती, ज्या दिवशी तो साखरपुड्याला गेला होता तीच. हा रकाना तो शंभरदा बघत असे. म्हणजे पाया पडताना त्याला माझी नुसती शंका असेल, पण चुकीची फाईल मीच उचलली हे नंतर पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनच त्याने हे नाव टाइप केलं होतं.  रामदासने विचारलं, "घावली ना? हीच का?" मी म्हणालो, "हीच. यातलं तात्यांचं नाव बदलायला नको."

रामदास नवी नावं लिहून देऊन गेला. मी एकटाच त्या पडद्यासमोर बसून राहिलो. जी पत्रिका तेव्हा चुकीची होती ती आता बरोबर झाली होती. त्या फायलीत आता एकच चूक उरली होती, तिच्या नावात. मी विलास खोडून तिथे माझं नाव टाइप केलं, कांतिलाल, आणि बटण दाबलं. फोल्डर बंद करून पुन्हा उघडला तर फाईल खालच्या जागेवर नव्हती. अक्षरवार लागून ती वर सरकली होती, आणि सवयीने मी खालीच शोधत राहिलो... खात्री आहे का, असं यंत्राने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, नऊ वर्षं उशिरा.